तेलाशिवाय मसाल्याचे मासे: वाटण कच्चट लागतं, तुकडी तव्याला चिकटते

कोथिंबीरजुडी

तेल अजिबात न वापरता मासे करायचे आहेत. कमी तेल नव्हे, शून्य तेल. मासळी साधारण बांगडा, सुरमई, पापलेट आणि मिळतील तेव्हा ओले बोंबील.

नेहमीच्याच कृतीतून तेल वगळलं की गडबड होते. कांदा नुसत्या पाण्यात शिजवून त्यात आलं-लसूण आणि लाल तिखट घातलं तर कालवणाला कच्चट वास येतो आणि कितीही उकळलं तरी तो जात नाही. रंग फिकट येतो. वाटण फुटतं, म्हणजे वर पाणी आणि खाली चोथा. तव्यावर भाजायला गेलं तर तुकडी चिकटते, उलटताना साल तव्यालाच राहतं. रवा लावून ओव्हनमध्ये ठेवली तर रवा पांढरा आणि पिठूळ राहतो.

मासा वाफवून वर लिंबू पिळण्याचा सल्ला कृपया नको. मसाल्याचेच मासे हवे आहेत. प्रमाण आणि वेळ सांगितलीत तर फार उपयोग होईल.

तिरफळ

फोडणीच्या कालवणातून तेल काढून घेण्यापेक्षा ज्याला मुळात फोडणीच नसते असं कालवण करा. मालवणी तिखलं आणि गोव्यातल्या सारस्वत घरांतलं हुमण ही दोन्ही कच्च्या वाटणाची. तेल आलंच तर शेवटी वरून सोडलेलं चमचाभर कच्चं खोबरेल. ते वगळलं तर वास थोडा कमी होतो, पण कालवण बिघडत नाही.

बांगड्याच्या हुमणाचं प्रमाण देते. मध्यम आकाराचे ४ बांगडे, साफ करून अर्धा किलोच्या आसपास. ओलं खोबरं १ वाटी (८० ग्रॅम), ८ बेडगी मिरच्या आणि तिखटपणासाठी १–२ लवंगी, धणे १ चमचा, हळद अर्धा चमचा, चिंच सुपारीएवढी, तिरफळं (कोकणातला वासाचा मसाला) ८–१०, मीठ. कांदा नाही. लसूण आणि आलंही नाही. जिथे तिरफळ आहे तिथे या दोघांचं काही काम नसतं, उलट तिरफळाचा वास मारला जातो.

मिरच्यांच्या बिया काढून २० मिनिटं गरम पाण्यात भिजवा. मग मिरच्या, धणे, हळद आणि चिंच आधी वाटा. ते मऊ झालं की खोबरं घाला आणि पुन्हा वाटा. सगळं एकदम टाकलं तर खोबरं बारीक होतं आणि मिरचीच्या साली तशाच राहतात. वाटण दोन बोटांत चोळून बघा, कण लागता कामा नये. मिक्सर सलग फिरवला की वाटण तापतं आणि खोबऱ्याचं तेल सुटून गोळा बनतो, म्हणून थांबत थांबत, गार पाण्याने.

तुमच्या रंगाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, स्निग्धात उतरतो. तेल घातलं नाही तर ते काम खोबऱ्यातल्या स्निग्धांशाने करायचं असतं, आणि ते होण्यासाठी मिरची खोबऱ्याबरोबर एकजीव वाटली जायला हवी. वरून पाण्यात टाकलेलं लाल तिखट फिकट दिसणारच. फुटण्याचं कारणही जवळपास हेच: जाडसर वाटण आणि मोठी आच. बारीक वाटलेलं वाटण मंद आचेवर सहसा फुटत नाही.

तिरफळातली काळी बी काढून टाका, ती कडू असते. वरचं टरफल पाव वाटी पाण्यात १० मिनिटं भिजवून नुसतं ठेचा. वाटणात वाटू नका, कालवण कडवट होतं.

वाटणात दीड ते दोन वाट्या पाणी घालून, मीठ टाकून आधी नुसतं वाटणच ८ मिनिटं मंद उकळा. हळदीचा आणि धण्याचा कच्चा वास या वेळात जातो. मासे आधीच घातले तर वास जाईपर्यंत ते पिठासारखे होतील. मग बांगडे आणि तिरफळं (भिजवलेल्या पाण्यासकट) घाला आणि ६–७ मिनिटं बारीक आचेवर ठेवा. झाकण अर्धं. डाव घालून ढवळायचं नाही, फडक्याने भांडं धरून हलवायचं. गॅस बंद केल्यावर निदान अर्धा तास तसंच राहू द्या. तिरफळ या अर्ध्या तासात उतरतं.

भांडं मातीचं किंवा स्टीलचं. चिंच-कोकमाचं कालवण अॅल्युमिनियममध्ये किंवा कल्हई उडालेल्या पितळेत करू नका. मातीच्या भांड्यात केलंत तर २ मिनिटं आधी गॅस बंद करा, ते बराच वेळ तापलेलं राहतं आणि मासा आतल्या आत शिजत असतो.

बिडाचा तवा

हुमणाबद्दल सहमत. पण सुरमईला भाजक्या वाटणाचं कालवण हवं असेल तर तेही तेलाशिवाय उत्तम जमतं. फक्त क्रम पाळावा लागतो.

भांड्यात पाणी आहे तोवर त्यातल्या जिन्नसाचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. कांद्याला तांबूस रंग आणि खमंगपणा येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. तेलात ते सहज होतं. तुम्ही कांदा पाण्यात शिजवता तेव्हा तो मऊ होतो, भाजला जात नाही, आणि नंतर तासभर उकळला तरी भाजला जाणार नाही. म्हणून जे काही भाजायचं ते पाणी पडण्याआधी, कोरडंच भाजून घ्यायचं.

कांद्यासाठी सगळ्यात सोपी रीत म्हणजे अख्खा कांदा सालीसकट थेट गॅसवर जाळी ठेवून भाजणे. मध्यम कांद्याला १०–१२ मिनिटं, फिरवत राहायचं, वरून पूर्ण काळा झाला पाहिजे. गार झाल्यावर काळी साल काढा, पण कांदा फार धुऊ नका. थोडा करपट अंश राहिला तर चव वाढते. चिरलेला कांदा तव्यावर करायचा असेल तर पातळ उभा चिरून, चिमूटभर मीठ लावून, मध्यम आचेवर १२–१५ मिनिटं. तव्याला लागू लागला की चमचाभर पाण्याचा हबका मारायचा आणि तळाचा तांबूस थर खरवडून कांद्यातच मिसळायचा. असं तीन-चार वेळा. पाणी एकदम जास्त पडलं की पुन्हा उकडलेला कांदा.

लसूणही सालीसकट तव्यावर ६–७ मिनिटं भाजा. लसणाचा उग्रपणा ती चिरल्यावर किंवा ठेचल्यावर तयार होतो. आधी अख्खी भाजली की तो तयारच होत नाही. तुमच्या कालवणातला न जाणारा कच्चट वास बहुतेक या लसणाचा आहे. आलं अगदी थोडं, अर्धा इंच पुरे.

सुरमईच्या ५–६ तुकड्यांना: भाजलेले २ मध्यम कांदे, पाऊण वाटी ओलं खोबरं तव्यावर ७–८ मिनिटं तांबूस भाजून, ८ पाकळ्या भाजलेली लसूण, मालवणी मसाला २ चमचे, हळद पाव चमचा, कोकम ५–६. मालवणी मसाल्यातले जिन्नस आधीच भाजलेले असतात, त्यामुळे तो तेलात परतला नाही तरी चालतं. साधं लाल तिखट मात्र कच्चंच असतं. ते वापरणार असाल तर गॅस बंद करून गरम तव्यावर कोरडंच १५–२० सेकंद फिरवा आणि लगेच काढा. त्याहून जास्त राहिलं तर जळतं आणि ठसका लागतो. सगळं मसाल्यासकट एकत्र वाटायचं, अडीच वाट्या पाणी, १० मिनिटं उकळी, मग तुकड्या आणि कोकम, आणखी ५–६ मिनिटं. दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकडीला एवढं पुरतं. सुरमई जास्त शिजली की चिवट आणि कोरडी होते, तेल नसताना तर जास्तच जाणवते.

आता तवा. तेलाशिवाय उघड्या लोखंडावर मासा चिकटणारच, मांसातली प्रथिनं तापलेल्या धातूला धरतात. मध्ये केळीचं पान घाला. पान आचेवरून फिरवून मऊ करा, मधली शीर काढा. तव्यावर पान, त्यावर मसाला लावलेला बांगडा, वर दुसरं पान, वर झाकण. मध्यम आचेवर ६ मिनिटं, मग दोन्ही पानांसकट उलटा, ५ मिनिटं. शेवटी वरचं पान आणि झाकण काढून आच वाढवा आणि २ मिनिटं राहू द्या, म्हणजे मसाला कोरडा होऊन धरतो. पान काळं होईल, ते व्हायलाच हवं, त्याचा वास माशाला लागतो.

चार बांगड्यांना मसाला: भिजवलेल्या ८ बेडगी, ६ पाकळ्या भाजलेली लसूण, अर्धा चमचा जिरं, ६ मिरी, अर्धा चमचा हळद, १ मोठा चमचा कोकमाचं आगळ (कोकमाचा घट्ट, खारट रस). आगळात मीठ असतंच, चव बघूनच वरून घाला. वाटताना पाणी शक्यतो नको. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा देऊन, फडक्याने अगदी कोरडा करून मग मसाला लावा. ओल्या माशावर मसाला बसत नाही, तव्यावर पाणी सुटतं आणि मासा भाजण्याऐवजी उकडतो.

या कामाला बांगडा आणि तारली सगळ्यात चांगली, कारण त्यांच्या अंगात स्वतःची चरबी भरपूर असते. ती वितळून मसाला त्यातच भाजला जातो.

नॉनस्टिक तवा घ्यायचा असेल तर रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका, २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो.

कोथिंबीरजुडी

दोघांचेही मनापासून आभार. कांदा पाण्यात शिजवणं हेच चुकत होतं हे आता लक्षात आलं. दोन गोष्टी राहिल्या. रवा लावून काही करता येईल का? आणि खोबरं एवढं घातलं तर तेल बंद करण्याला अर्थ राहतो का? तेल हृदयाच्या कारणासाठी बंद केलं आहे.

आगळ

खोबऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर आकड्यांतच द्यायला हवं. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला बहुतांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. म्हणजे वरच्या हुमणातल्या ८० ग्रॅम खोबऱ्यातून २६–२७ ग्रॅम स्निग्धांश येतो, जवळजवळ दोन मोठे चमचे तेलाइतका. चौघांत वाटला तर माणशी ७ ग्रॅमच्या आत. फार नाही, पण शून्यही नाही. सुकं खोबरं वापरलं तर त्याच वजनात जवळपास दुप्पट. डॉक्टरांनी एकूण स्निग्धांशच मोजायला सांगितला असेल तर हे त्यांना दाखवून विचारा. 'तेल घातलेलं नाही' एवढ्यावर समाधान मानू नका.

खोबरं कमी करायचं तर ते निम्मं करा आणि दाटपणासाठी १ मोठा चमचा तांदूळ अर्धा तास भिजवून वाटणातच वाटा. तांदळामुळे कालवण मिळून येतं आणि फुटतही नाही. रंगासाठी ४० ग्रॅम खोबरंसुद्धा पुरतं. तांदूळ घातल्यावर उकळी २–३ मिनिटं वाढवा, नाहीतर पिठूळ चव राहते. भाजक्या वाटणात खोबऱ्याऐवजी २ मोठे चमचे डाळं आणि एक भाजलेला टोमॅटोही चालतो, पण मग कालवण कोकणी राहत नाही, घाटावरच्या रश्श्याकडे झुकतं. मला ते सुरमईपेक्षा रोहू-कटल्याला जास्त शोभतं असं वाटतं.

बांगडा-तारलीच्या अंगच्या चरबीला मात्र घाबरू नका. ती वेगळ्या जातीची आहे, ओमेगा-३ त्यातूनच मिळतं. तळण्यापेक्षा कालवणात ती चांगली टिकते.

आणि मीठ. तेल गेलं की चव कमी वाटते आणि हात आपोआप मिठाकडे जातो. त्याऐवजी आंबट वाढवा, कोकम किंवा चिंच. हृदयाच्या पथ्यात मीठही मोजायचं असतं.

बिडाचा तवा

रव्याबद्दल. रवा कुरकुरीत होतो तो तेलात तळल्यामुळे. नुसत्या कोरड्या उष्णतेत कच्चा रवा कच्चाच राहतो. उपाय एकच, रवा आधी कोरडा भाजून घ्या. मंद आचेवर ७–८ मिनिटं, बदामी रंगापर्यंत. अर्धी वाटी रव्यात अर्धा चमचा लाल तिखट आणि चिमूट मीठ. तांदळाचं पीठ मिसळू नका, ते तेलाशिवाय पांढरंच राहतं.

तुकडीला वरचाच लाल मसाला जरा ओलसर लावा, रव्यात दाबून घोळवा आणि १० मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे रवा ओल शोषून धरतो. हे केलं नाही तर एअर फ्रायरच्या पंख्याने रवा उडून जातो. ओव्हन २०० अंशांवर आधी तापवलेला, तुकड्या ट्रेमध्ये न ठेवता जाळीवर. दोन सेंटिमीटरच्या सुरमईला एकूण १२ मिनिटं, आठव्या मिनिटाला उलटायची. एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर १० मिनिटं. कुरकुरीत होईल, पण तळलेल्या तुकडीची चव येणार नाही हे मान्य करूनच करा.

माझं प्रामाणिक मत: रव्याचा हट्ट सोडून पानातला मासा करा.

सुकट

बोंबलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ओल्या बोंबलात पाणी इतकं असतं की तेलाशिवाय भाजायचा प्रयत्न केला तर त्याचा लगदा होतो. दाबून पाणी काढलं तरी तळण्यालाच तो उपयोग. तेलाशिवाय बोंबलाचं हिरवं कालवण करा, आगरी-कोळी घरांत करतात त्या वळणाचं.

८–१० बोंबील, डोकं-शेपटी काढून प्रत्येकी तीन तुकडे. वाटण: ५–६ हिरव्या मिरच्या, १० पाकळ्या लसूण (वर सांगितल्याप्रमाणे भाजून), अर्धी जुडी कोथिंबीर, अर्धा इंच आलं, हळद अर्धा चमचा. पसरट पातेल्यात वाटण आणि फक्त पाव वाटी पाणी, त्यात चिंचेचा कोळ १ मोठा चमचा किंवा कैरीच्या ५–६ फोडी. ५ मिनिटं उकळू द्या, मग बोंबील एका थरात लावा. झाकण नाही, ढवळणं नाही, ५ मिनिटांत गॅस बंद. बोंबील स्वतःचंच पाणी सोडतो, त्यामुळे सुरुवातीला वाटण घट्ट वाटलं तरी पाणी वाढवू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फारच पातळ झालं तर पुढच्या वेळी वाटणात १ चमचा तांदळाचं पीठ मिसळा.

सुकी मासळी तर तेलाशिवायच चांगली. सुकट किंवा जवळा चाळून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर ३–४ मिनिटं, बोटांत चुरडली जाईपर्यंत. मग फडक्यात चोळून पुन्हा चाळा, मिशा आणि वाळू खाली पडते. त्यात गॅसवर भाजलेला कांदा, भाजलेली हिरवी मिरची, दोन आमसुलं बारीक तोडून. भाकरीबरोबर खायला पाच मिनिटांची चटणी. खारवलेला सुका बांगडा मात्र अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून, पाणी फेकूनच घ्या. आणि आगळ यांनी म्हटलंय त्या पथ्यात तो न घेतलेलाच बरा.

खाडीपलीकडे

परदेशात गोठवलेल्या मासळीवर हेच करणाऱ्यांसाठी थोडं. मासा रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या, गरम पाण्यात नाही. सुटलेलं पाणी फेकून तुकडी कोरडी करा, नाहीतर हुमण पातळ होतं. तिकडचा अटलांटिक मॅकरेल आपल्या बांगड्याचाच भाऊबंद आणि चांगलाच चरबीयुक्त, पानातल्या भाजण्याला उत्तम. कॉड कालवणात सुटून जातो, त्याला ३–४ मिनिटंच द्या आणि तुकडे मोठे ठेवा. केळीचं पान नसेल तर बेकिंगचा कागद चालतो, पण उघड्या गॅसवर नको, ओव्हनमध्येच.

गोठवलेलं खोबरं थेट मिक्सरमध्ये घातलं तर त्यातला स्निग्धांश गोठलेला असल्यामुळे गुठळ्या होतात. आधी बाहेर काढून ठेवा आणि कोमट पाण्याने वाटा. तिरफळ मिळालं नाही तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी त्याच कुळातली आहे. ती जिभेला जास्त झिणझिण्या आणते, म्हणून ४–५ टरफलंच.

कोथिंबीरजुडी

आता फक्त पापलेट राहिलं. त्याला यातलं काय लागू पडेल?

तिरफळ

पापलेटाला लाल वाटणापेक्षा पारशी घरांतली पात्रानी मच्छी जास्त न्याय देते. तिच्यातही तेल लागत नाही.

पाऊण किलोचे दोन-तीन पापलेट, अख्खे किंवा तुकडे करून. मीठ आणि लिंबू लावून १५ मिनिटंच ठेवा. जास्त ठेवलं तर आंबटाने मांस घट्ट आणि पिठूळ होतं. चटणी: १ वाटी ओलं खोबरं, १ जुडी कोथिंबीर, मूठभर पुदिना, ५ हिरव्या मिरच्या, ४ पाकळ्या लसूण, १ चमचा जिरं, १ चमचा साखर, एका लिंबाचा रस, मीठ. कोथिंबीर धुऊन फडक्यावर सुकवा आणि पाणी न घालता लिंबाच्या रसावरच वाटा. चटणी पातळ झाली की वाफेत वाहून पानाच्या तळाशी जमते आणि मासा कोरा राहतो, ही कृती बिघडते ती इथेच. खोबरं निम्मं करायचं असेल तर उरलेल्या जागी १ मोठा चमचा डाळं, त्याने चटणी धरून राहते.

दोन्ही बाजूंनी आणि पोटात चटणी भरा, मऊ केलेल्या केळीच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधा. पाणी आधी खळखळ उकळलेलं हवं, मग पुड्या ठेवायच्या. अख्ख्या पापलेटला १५ मिनिटं, तुकड्यांना १०. काढल्यावर ५ मिनिटं पुडी न उघडता ठेवा. शिजलं की नाही हे बघायला काट्याजवळ सुरीचं टोक घाला, मांस काट्यावरून सहज सुटलं पाहिजे आणि काट्यालगत पारदर्शक दिसता कामा नये.

एक सूचना सगळ्याच प्रकारांना. तळणीत शिळेपणा थोडाफार लपतो, तेलाशिवायच्या कालवणात अजिबात नाही. कल्ले लाल, डोळे फुगीर, मांस दाबल्यावर लगेच वर येणारं, असाच मासा घ्या. बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा (ट्यूना) घरी आणेपर्यंत बर्फात असू द्या. हे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगाला खाज सुटणं याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.